हिरवी खूण नक्की कोणत्या कमिटची? एका ऑटोमॅटिक मर्जचं प्रकरण

सोमवारी सकाळी सव्वादहाला मेन ब्रांचचा (सगळ्यांच्या सामाईक, मुख्य कोडचा) बिल्ड लाल झाला, म्हणजे कोड जुळवून तपासताना नापास झाला. ज्या कमिटवर (कोडमधल्या नोंदवलेल्या बदलावर) झाला त्यात एकच बदल होता: रीडमी या माहितीच्या फाइलमधला एक चुकलेला शब्द नीट केलेला. चॅटवर लगेच सुरू झालं.

"अगं, रीडमीत असं काय घातलंस?"

"एक अक्षर बदललंय फक्त!"

कंपायलरचं (कोड मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमचं) म्हणणं असं की एक्सपोर्टच्या मॉड्यूलमध्ये एका फंक्शनला एक आर्ग्युमेंट (त्याला पुरवायची माहिती) कमी पडतंय. रीडमीशी त्याचा बादरायण संबंधसुद्धा लागत नव्हता. शुक्रवारी संध्याकाळी तर सगळं हिरवंगार होतं, आणि शनिवार-रविवार कुणी मशीनला हात लावला नव्हता. म्हणजे माणसांनी लावला नव्हता. गुरुवारी मी बसवलेला, आपोआप मर्ज करणारा (म्हणजे तयार कोड मेनमध्ये मिसळणारा) बॉट मात्र कामावर होता.

हे प्रकरण त्या लाल बिल्डचं, आणि त्याचा माग काढताना पाइपलाइनमध्ये (कोड तपासून पुढे पोचवणाऱ्या साखळीत) सापडलेल्या भोकांचं. बरीचशी भोकं मीच पाडलेली होती, त्यामुळे इथे दोष द्यायला दुसरं कुणी नाही.

बॉट आला कशासाठी

अकरा जणांची टीम, एकच रिपॉझिटरी (कोडचं कोठार), तिच्यात सर्व्हर, वेब आणि दोघांना लागणारी सामाईक लायब्ररी. कोड गिटहब या सेवेवर, सीआय (बदल आला की आपोआप होणारी तपासणी) गिटहब अ‍ॅक्शन्सवर. पूर्ण तपासणीला १८ मिनिटं. मेनला संरक्षण होतं: एक अप्रूव्हल हवं, सगळे चेक हिरवे हवेत, आणि मर्जच्या क्षणी ब्रांच (ज्याच्या-त्याच्या कामाची वेगळी फांदी) मेनशी अद्ययावत हवी.

हा तिसरा नियम दिसायला साधा, पण दिवसाच्या शेवटी जीव काढायचा. ब्रांच अपडेट करा, १८ मिनिटं थांबा, तेवढ्यात दुसऱ्याने मर्ज केलेलं असतं, की पुन्हा अपडेट, पुन्हा १८ मिनिटं. आठ तासांची ४८० मिनिटं धरली तर एकामागून एक जास्तीत जास्त २६ मर्ज बसतात, तेही कुणी एक क्षण न दवडता बटण दाबलं तर. प्रत्यक्षात चहाला गेलेला माणूस परत येईपर्यंत त्याची पाळी गेलेली असायची. मग चॅटवर "मी मर्ज करतोय, वीस मिनिटं कुणी हात लावू नका" अशा पाट्या लागायच्या. या पाट्या म्हणजे हाताने चालवलेली रांगच होती. ते तेव्हा लक्षात आलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं.

मी गुरुवारी दुपारी दोन गोष्टी केल्या. तो अद्ययावतचा नियम काढून टाकला. आणि चाळीसेक ओळींचा एक वर्कफ्लो (आपोआप चालवायच्या कामांची यादी) लिहिला. तो दर दहा मिनिटांनी उठायचा, "मर्ज करा" असं लेबल लावलेले पुल रिक्वेस्ट (माझी ब्रांच मेनमध्ये घ्या, ही विनंती) शोधायचा, अप्रूव्हल आणि हिरवे चेक बघायचा आणि स्क्वॉश करून (ब्रांचची सगळी कमिट एकात गोळा करून) मेनमध्ये टाकायचा. टोकन (परवानगीची किल्ली) म्हणून अ‍ॅक्शन्स प्रत्येक रनला (वर्कफ्लोच्या एका फेरीला) आपोआप देतं ते गिटहब टोकनच वापरलं. वेगळं काही बनवायला नको, कुठे ठेवायला नको. लोक खूश झाले. लेबल लावा आणि घरी जा.

(गिटहबचं स्वतःचं ऑटो-मर्ज आहे, मग हा खटाटोप कशाला, असं कुणी विचारेल. लेबलवर चालणारं हवं होतं म्हणून. पण ते वापरलं असतं तरी पुढे सांगतो त्यातलं पहिलं भोक तसंच राहिलं असतं.)

शुक्रवारची रात्र

बायसेक्ट (कमिटची यादी अर्धी-अर्धी करत दोषी कमिट शोधणं) लावायला फार काही लागलं नाही. शुक्रवारी पावणेसहाचा शेवटचा हिरवा बिल्ड आणि सोमवारचा लाल, यांच्यामध्ये, लाल धरून, सात कमिट होती. गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारी प्रणाली) हिच्या बायसेक्टने तीन फेऱ्यांत बोट ठेवलं: शुक्रवारी संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटांनी बॉटने लागोपाठ केलेल्या दोन मर्जपैकी दुसरं. दोघांत अंतर नऊ सेकंदांचं.

पहिल्या पुल रिक्वेस्टने सामाईक लायब्ररीतल्या "फेच अकाउंट" फंक्शनला दुसरं पॅरामीटर (आर्ग्युमेंटसाठीची जागा) दिलं होतं, आणि ते सक्तीचं होतं. करणाऱ्याने काम चोख केलं होतं. जुने चौदाच्या चौदा कॉल शोधून दुरुस्त, टेस्ट बदललेल्या, सगळं हिरवं. दुसऱ्या पुल रिक्वेस्टने एक्सपोर्टची नवी फाइल आणली होती, आणि तिच्यात त्याच फंक्शनचा पंधरावा कॉल होता, जुन्या पद्धतीचा, एकाच आर्ग्युमेंटचा. तोही आपल्या जागी हिरवा.

गिटला यात काही वावगं दिसलं नाही, आणि दिसणारही नव्हतं. मर्ज करताना गिट तीन गोष्टी बघतं: दोन्ही ब्रांचची टोकं आणि त्यांचा समान पूर्वज. कोणत्या ओळी कुणी बदलल्या, एवढंच. फंक्शन, कॉल, पॅरामीटर यातलं त्याला काही कळत नाही. एक बदल एका फाइलमध्ये, दुसरा दुसऱ्या फाइलमध्ये, म्हणजे भांडण नाही. मजकूर जुळला, अर्थ फाटला.

पण दोन्हीकडे हिरवी खूण होती ना? होती. आता ती कशाची होती ते बघू. पुल रिक्वेस्टवर अ‍ॅक्शन्स चालतात तेव्हा आपली ब्रांच जशीच्या तशी तपासली जात नाही. गिटहब त्या क्षणीचा मेन आणि आपली ब्रांच यांचं एक चाचणीपुरतं मर्ज कमिट बनवतं आणि ते तपासलं जातं. चांगलीच सोय आहे. पण "त्या क्षणीचा" हा शब्द महत्त्वाचा. मेन पुढे सरकला म्हणून ती तपासणी पुन्हा होत नाही. दुसऱ्या पुल रिक्वेस्टची खूण दुपारी दोन चाळीसची होती. म्हणजे दुपारी दोन चाळीसच्या मेनवर हा बदल चालतो, एवढंच ती सांगत होती. सात वाजून वीस मिनिटांनी तो मेन राहिलाच नव्हता. आणि मर्ज करताना स्क्वॉशने जे कमिट जन्माला आलं, ते तर कुणी कधीच तपासलं नव्हतं. मी काढून टाकलेला तो कटकट्या नियम नेमकं हेच अडवत होता.

लाल नाही, हिरवंही नाही

इथपर्यंतची गोष्ट तशी जुनी आहे. दोन हिरव्यांचं मिळून लाल होणं टीमने कोड लिहिणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी पाहिलेलं असतं. मला छळत होता तो दुसरा प्रश्न: मेन शुक्रवारी सात वीसला फुटला, तर लाल सोमवारी सव्वादहाला का झाला? मेनवर पुश झालं (नवं कमिट चढलं) की बिल्ड सुटतो, टेस्ट होतात, कंटेनर इमेज (चालवायला तयार गठ्ठा) बनते, स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर) जाते. दीड वर्षं हे बिनबोभाट चालू होतं.

कमिटची यादी उघडून नीट पाहिलं तेव्हा कळलं. बॉटच्या सहाही कमिटपुढे लाल फुली नव्हती आणि हिरवी खूणही नव्हती. जागाच मोकळी. बिल्ड सुटलेच नव्हते.

कारण गिटहबच्या दस्तऐवजात स्वच्छ लिहिलेलं आहे: रनला आपोआप मिळणाऱ्या टोकनने केलेल्या कृतीमुळे नवा वर्कफ्लो सुरू होत नाही. अपवाद दोनच, हाताने सोडलेला डिस्पॅच (वर्कफ्लो चालवा, अशी थेट आज्ञा) आणि बाहेरून येणारा रिपॉझिटरी डिस्पॅच. नियम शहाणपणाचा आहे. नाहीतर एखादा वर्कफ्लो पुश करेल, त्या पुशने तोच वर्कफ्लो पुन्हा सुटेल, तो पुन्हा पुश करेल आणि रनरचं (वर्कफ्लो चालवणाऱ्या मशीनचं) बिल कुत्र्याच्या शेपटासारखं गोल फिरत राहील. पण आमच्याकडे त्याचा अर्थ असा झाला की माणसाने मर्ज केलं तर बिल्ड, बॉटने केलं तर सन्नाटा.

मग गुरुवार दुपारपासून शुक्रवार संध्याकाळपर्यंत हे कुणाला कसं दिसलं नाही? कारण सवयीने निम्मे लोक अजून स्वतःच बटण दाबत होते. बॉटच्या दोन-तीन मर्जनंतर एखाद्या माणसाचं मर्ज यायचं, त्याचा बिल्ड सुटायचा, आणि त्यात बॉटचं सगळं आपोआप तपासलं जायचं. भोकावर कुणीतरी न कळत पाय ठेवून उभं होतं. शुक्रवारी पावणेसहाला शेवटचा माणूस उठला आणि पाय निघाला. शनिवार-रविवार स्टेजिंगवर जुनीच इमेज होती, त्यामुळे तिथल्या रात्रीच्या चाचण्याही खुशाल पास होत राहिल्या. सोमवारी रीडमीचं कमिट हे तीन दिवसांतलं पहिलं माणसाचं कमिट, म्हणून सगळं खापर त्याच्यावर.

आमच्या डॅशबोर्डवर "शेवटचा बिल्ड हिरवा" असं मोठ्या अक्षरात दिसायचं, आणि ते खोटं नव्हतं. तो कोणत्या कमिटचा, आणि ते कमिट अजून मेनचं टोक आहे का, हे तिथे लिहिलेलं नव्हतं. आता तिथे दोन हॅश (कमिटचे ओळख क्रमांक) शेजारी दिसतात, मेनच्या टोकाचा आणि शेवटच्या तपासलेल्याचा. ते वेगळे झाले आणि अर्ध्या तासात एक झाले नाहीत तर पट्टी पिवळी होते. एका दुपारचं काम होतं, आणि सगळ्या दुरुस्त्यांमध्ये सर्वांत जास्त उपयोगी पडलेलं हेच.

दुरुस्ती, आणि दुरुस्तीने केलेले घोटाळे

टोकन आधी बदललं. कुणीतरी म्हणालं, तुझं पर्सनल अ‍ॅक्सेस टोकन टाक, पाच मिनिटांत होईल. होतं खरं, पण मग बॉटची प्रत्येक कृती माझ्या नावावर, आणि मी टीम सोडली की त्या दिवशी पाइपलाइनही सोडणार. म्हणून गिटहब अ‍ॅप केलं, म्हणजे बॉटला स्वतःची वेगळी ओळख, आणि त्याला या एका रिपॉझिटरीपुरते हक्क दिले. त्याचं टोकन तासाभरात मरतं, दर वेळी नवं घ्यायचं. त्याने केलेलं पुश खरं पुश मानलं जातं, बिल्ड सुटतो.

सुटतो, आणि सुटतच राहतो. आमच्याकडे मेनवर आवृत्तीचा आकडा वाढवून कमिट करणारा एक छोटा वर्कफ्लो होता. त्यालाही मी हौसेने नवं टोकन दिलं. अर्ध्या तासात आवृत्ती सात आकड्यांनी पुढे गेली. जुन्या टोकनचा नियम कशासाठी होता ते असं कळलं. त्या कमिटच्या संदेशात "स्किप सीआय" (तपासणी गाळा) घालून गाडी थांबवली. तेही जपून वापरायचं हत्यार आहे: एकाने आपल्या ब्रांचमधल्या मधल्याच कमिटला ते शब्द लावले होते, स्क्वॉश करताना सगळे संदेश एकत्र गोळा झाले, आणि मेनवर त्याच्या पूर्ण फीचरचा बिल्डच गाळला गेला. पिवळ्या पट्टीने पकडलं. नंतर आम्ही स्क्वॉशचा संदेश फक्त पुल रिक्वेस्टच्या शीर्षकापुरता ठेवला, आणि आकडा वाढवण्याचं काम कमिटऐवजी टॅगवर (कमिटला लावलेल्या नावाच्या चिठ्ठीवर) नेलं.

खरा उपाय मात्र रांग. २०१४ मध्ये रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेचे जनक ग्रेडन होअर यांनी एक साधा नियम ब्लॉगवर लिहिला होता: सगळ्या टेस्ट पास करणारी रिपॉझिटरी आपोआप सांभाळायची. म्हणजे आधी मर्ज करून मग तपासायचं नाही, मर्ज झालेलं रूप आधी तपासायचं आणि तेच मेन करायचं. रस्ट प्रकल्पातला बॉर्स हा बॉट याच कल्पनेवर उभा राहिला. ओपनस्टॅक या क्लाउड प्रकल्पाचा झूल तेच करतो, गिटहबसारख्याच गिटलॅबमध्ये त्याला मर्ज ट्रेन म्हणतात, गिटहबने मर्ज क्यू २०२३ मध्ये सर्वांसाठी खुली केली, अर्थात खासगी रिपॉझिटरीला प्लॅन बघून. आमच्याकडे ती मिळत होती. चाळीस ओळींचा माझा बॉट मी स्वतःच्या हाताने डिलीट केला.

रांगेचं काम असं चालतं. तीन पुल रिक्वेस्ट उभे आहेत: क, ख, ग. गिटहब एक तात्पुरती ब्रांच बनवतं, तिच्यात मेन अधिक क. दुसरी, मेन अधिक क अधिक ख. तिसरीत तिन्ही. तिन्ही एकाच वेळी तपासायला जातात, पुढचे पास होतील असं गृहीत धरून. ख पडला तर तो रांगेबाहेर, आणि ग नव्याने, मेन अधिक क अधिक ग असा. पास झालेलं कमिट तसंच्या तसं, त्याच हॅशने, मेनचं टोक होतं. म्हणजे हिरवी खूण ज्या कमिटची तेच कमिट मेनवर. १८ मिनिटं तीच आहेत, पण ती आता एकामागून एक भरावी लागत नाहीत, आणि माणसाला खुर्चीत बसून राहावं लागत नाही.

पहिल्याच दिवशी रांग अडकली. पहिला पुल रिक्वेस्ट आत गेला आणि तासभर नुसता उभा. आमच्या वर्कफ्लोत ट्रिगर (तो कोणत्या घटनेने सुटेल ते) लिहिले होते दोनच, पुल रिक्वेस्ट आणि पुश. रांगेतल्या तात्पुरत्या ब्रांचसाठी "मर्ज ग्रुप" नावाची वेगळी घटना असते, ती ऐकायला कुणी बसलंच नव्हतं. सक्तीचा चेक यायची वाट बघत रांग थांबली, ६० मिनिटांची मुदत संपली, पुल रिक्वेस्ट बाहेर. वर्कफ्लोत एक ओळ घालायची होती. ही ओळ विसरणारे आम्ही पहिले नव्हतो, हे नंतर शोधताना दिसलं, आणि तेवढंच बरं वाटलं.

पुन्हा रीडमी

यानंतर चारच दिवसांनी त्याच सहकारिणीचा आणखी एक रीडमीचा पुल रिक्वेस्ट आला, आणि तो मर्जच होईना. चेकपुढे "निकालाची वाट पाहत आहे" असं दिसतंय, आणि रन तर एकही सुरू नाही. तिने मला फक्त एक स्क्रीनशॉट पाठवला, शब्द एकही नाही.

कुणीतरी (यावेळी मी नव्हे) ट्रिगरवर पाथ फिल्टर लावला होता: फक्त दस्तऐवज बदलले असतील तर वर्कफ्लो चालवू नका. हेतू उत्तम, १८ मिनिटं वाचतात. पण फिल्टरमुळे पूर्ण वर्कफ्लोच गाळला गेला तर सक्तीचा चेक कधी येतच नाही, आणि पुल रिक्वेस्ट जन्मभर ताटकळतो. तेच गाळणं जॉबच्या (वर्कफ्लोतल्या एकेका कामाच्या) पातळीवर, "इफ" अटीने केलं, तर गाळलेला जॉब यशस्वी म्हणून नोंदला जातो. एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहिली की दोन उलट अर्थ. हे पाठ करण्यापलीकडे इलाज नाही.

म्हणून ट्रिगरवरचा फिल्टर काढला. आता वर्कफ्लो नेहमी सुरू होतो, पहिला छोटा जॉब काय बदललंय ते बघतो, जड जॉब त्यावर ठरतात, आणि शेवटी "गेट" नावाचा एक जॉब सगळ्यांचे निकाल गोळा करतो. ब्रांच प्रोटेक्शनमध्ये सक्तीचा चेक तो एकटाच. सुटसुटीत वाटलं.

आणि यातच सगळ्यात भयंकर भोक होतं. गेट इतर जॉबवर अवलंबून आहे. त्यातला एक जरी पडला, तर अवलंबून असलेला जॉब आपोआप गाळला जातो. आणि गाळलेला जॉब म्हणजे? यशस्वी. म्हणजे टेस्ट लाल, गेट गाळलेला, सक्तीचा चेक समाधानी, मर्ज मोकळं. आमचा दरवाजा चोर आल्यावरच उघडत होता. हे आम्हाला रिव्ह्यूमध्ये दिसलं, मेनवर फुटून नव्हे, आणि तेही एका नव्या मुलाने सहज विचारलं म्हणून: "गेट स्वतःच स्किप झाला तर काय दिसेल?" गेटला "ऑलवेज" ची अट लावली, म्हणजे काहीही झालं तरी तो धावतो, आणि आतल्या स्क्रिप्टमध्ये प्रत्येक जॉबचा निकाल वाचून यशस्वी किंवा मुद्दाम गाळलेला याखेरीज काहीही आढळलं तर तो स्वतः पडतो. रद्द झालेलाही पडलेलाच धरायचा.

रद्द होण्याचीही एक गंमत झाली. पुल रिक्वेस्टवर नवं पुश आलं की जुना रन रद्द करायचा, अशी कॉनकरन्सीची (एका वेळी किती रन चालतील याची) सेटिंग होती, आणि ती तिथे बरोबरच आहे. तीच सेटिंग मेनलाही लागली होती, ग्रुपचं (एका वेळी एकच चालू राहणाऱ्या रनच्या गटाचं) नाव ब्रांचवरून. मेनवर तीन मर्ज पटापट आले की पहिल्या दोनांचे रन मारले जायचे. रद्द करणं बंद केलं तरी पुरत नव्हतं, कारण एका ग्रुपमध्ये वाट बघणारा एकच रन उभा राहत होता, नवा आला की आधीचा वाट बघणारा जायचा. मेनसाठी ग्रुपच्या नावात हॅश घातला, प्रश्न मिटला.

लहरी टेस्ट

रांगेमुळे एक जुनं दुखणं वर आलं. एखादी टेस्ट विनाकारण पन्नासात एकदा पडते, म्हणजे दोन टक्के. हाताने मर्ज करताना माणूस "पुन्हा चालवा" दाबायचा आणि विसरायचा. रांगेत दहा जण एकमेकांच्या खांद्यावर उभे असताना दहाही रन नीट जाण्याची शक्यता ०.९८ चा दहावा घात, सुमारे ८२ टक्के. म्हणजे अशी रांग दर पाच-सहा वेळांत एकदा कुठेतरी तुटणार, आणि जिथे तुटेल तिथून मागचे सगळे पुन्हा पहिल्यापासून.

गटातला शेवटचा पास झाला की मधले पडलेले चालतील, अशी एक मोकळीक रांगेच्या सेटिंगमध्ये आहे. एक जण ती चालू करा म्हणत होता. मी अडून बसलो. मधलं कमिट लाल राहिलं की पुढच्या वेळी बायसेक्ट तिथेच अडखळणार, आणि बायसेक्टने आम्हाला त्या सोमवारी वाचवलं होतं. त्याऐवजी लहरी टेस्ट वेगळ्या जॉबमध्ये काढल्या, तो जॉब गेटच्या बाहेर ठेवला, आणि प्रत्येक टेस्टपुढे ती दुरुस्त करणाऱ्याचं नाव लिहिलं. नऊ होत्या. त्यातल्या सहा घड्याळावर विसंबलेल्या निघाल्या, दोन टेस्टच्या क्रमावर. नववी अजून तिथेच आहे, आणि तिच्यापुढे नाव माझं आहे.

शेवटी आम्ही तो शुक्रवार पुन्हा घडवून आणला. दोन नवे पुल रिक्वेस्ट उघडले. एकात एका फंक्शनला सक्तीचं पॅरामीटर, दुसऱ्यात नव्या फाइलमधून त्याच फंक्शनचा जुन्या पद्धतीचा कॉल. दोन्ही आपापल्या जागी हिरवे झाले. दोन्ही एकदमच रांगेत सोडले. पहिला आत गेला. दुसरा एकोणीस मिनिटांनी बाहेर आला, सोबत कंपायलरची तीच ओळ: एक आर्ग्युमेंट कमी आहे. रीडमीवाल्या सहकारिणीने त्याच्याखाली कॉमेंट टाकली: "यात माझा हात नाही."